राउटरवरून पोर्ट ८० चं ट्रॅफिक स्क्विडकडे वळवायचंय, पण पानं उघडत नाहीत

तिसरी_खिडकी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका संगणक प्रयोगशाळेचं नेटवर्क मी सांभाळतो. चाळीस मशीन, सगळ्यांवर उबंटू. अपडेटचा दिवस आला की लाइन गच्च होते, आणि बाकी कुणाचं काहीच उघडत नाही. तेच पॅकेज, तोच आवृत्ती क्रमांक, चाळीस वेळा बाहेरून ओढलं जातंय हे राउटरवर समोर दिसतं. ते बघून राहवलं नाही, म्हणून एका जुन्या मशीनवर स्क्विड बसवलं, म्हणजे एकदा आणलेली फाइल साठवून (कॅशे) पुढच्यांना तिथूनच देणारा मध्यस्थ, प्रॉक्सी.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) आहे. नेटवर्क १९२.१६८.१०.०, राउटर .१ वर आणि स्क्विडचं मशीन .५ वर. दोन्ही एकाच स्विचला जोडलेली आहेत.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये डीएनॅटचा (पॅकेटवरचा पोचायचा पत्ता बदलण्याचा) नियम घातला: आतून येणारं, पोर्ट ८० कडे (साधं वेब) जाणारं सगळं १९२.१६८.१०.५ च्या ३१२८ वर (स्क्विडचा नेहमीचा पोर्ट). तेव्हा स्क्विडने प्रत्येक पानाला 'इनव्हॅलिड यूआरएल' म्हणून परत पाठवलं. मग कुठेतरी वाचून ३१२९ वर 'इंटरसेप्ट' लावून वेगळा पोर्ट उघडला आणि नियम तिकडे वळवला. आता लॉगमध्ये 'ओरिजिनल डीएसटी फेल्ड' आणि त्याच्या खालोखाल 'फॉरवर्डिंग लूप डिटेक्टेड' अशा ओळींचा पाऊस पडतोय. स्क्विडच्या मशीनला मी डीएनॅटच्या नियमातून वगळलंय, तरीही हेच.

दोन रात्री गेल्या यात. कुठे चुकतंय?

मुंगळा

राउटरच्या भानगडीत पडण्याआधी एक विचारतो. मशीन तुमचीच आहेत ना? मग ॲप्टच्या (उबंटूचं पॅकेजं आणणारं साधन) सेटिंगमध्ये प्रॉक्सीची एक ओळ टाका, काम झालं. ब्राउझरसाठी डीएचसीपीचा (मशीनला आयपी वाटणारी सेवा) पर्याय २५२ वापरून ऑटो-कॉन्फिगची फाइल देता येते. उघडपणे सांगितलेला प्रॉक्सी हा अडवून वळवलेल्या प्रॉक्सीपेक्षा नेहमीच कमी त्रासाचा. शिवाय युजरनेम-पासवर्ड मागायचा असेल तर तो उघड प्रॉक्सीतच मागता येतो. अडवलेल्या कनेक्शनमध्ये ब्राउझरला मध्ये प्रॉक्सी आहे हेच ठाऊक नसतं, त्यामुळे प्रॉक्सीने ओळख विचारली तर तो उत्तर देत नाही.

तिसरी_खिडकी

मुंगळा, चाळीस मशीनवर ती ओळ टाकली आहे आणि ती चालते. अडचण व्हर्च्युअल मशीनची आहे. मुलं रोज नवी उभी करतात, रोज पाडतात, आणि प्रत्येक नवं मशीन जन्मल्या जन्मल्या अपडेट ओढतं. त्या प्रत्येकात प्रॉक्सी घालायला सांगून पाहिलं, लक्षात राहत नाही. म्हणून राउटरवरच सोय हवी आहे.

पॅकेटवेडा

चूक एका जागी आहे, आणि ती बहुतेक सगळे करतात. तुम्ही राउटरवर पत्ता बदलताय. राउटरने पत्ता बदलायचा नाही, फक्त वाट बदलायची.

आत काय घडतं ते बघा. तुमचं मशीन एखाद्या साइटच्या आयपीकडे पॅकेट पाठवतं. डीएनॅटमध्ये राउटर त्यावरचा पत्ता खोडतो आणि .५ चा लिहितो. मूळ पत्ता काय होता ते फक्त राउटरच्या कनेक्शन-ट्रॅकिंगच्या तक्त्यात उरतं. स्क्विडच्या हाती पॅकेट येतं तेव्हा ते आपल्या स्वतःच्या कर्नलला विचारतं, 'हे मुळात कुठे निघालं होतं?' त्या कर्नलने काही बदललंच नसल्याने त्याच्याकडे उत्तर नसतं. हेच तुमचं 'ओरिजिनल डीएसटी फेल्ड'. मग स्क्विडला दिसतो तो एकच पत्ता, त्याचा स्वतःचा. ते स्वतःलाच फोन लावतं, आणि तिथून लूप सुरू. राउटरवर .५ ला वगळून उपयोग नाही, कारण हा लूप राउटरपर्यंत पोचतच नाही, त्या मशीनच्या आतच फिरतो.

३१२८ वर जे झालं त्याचंही कारण सांगतो. प्रॉक्सी माहीत असलेला ब्राउझर विनंतीत पूर्ण पत्ता लिहितो, साइटच्या नावासकट. प्रॉक्सी माहीत नसलेला फक्त मार्ग लिहितो, तिरक्या रेघेपासून पुढचा, आणि साइटचं नाव होस्ट हेडरमध्ये ठेवतो. साध्या पोर्टला ते अर्धवट वाटतं. इंटरसेप्टच्या पोर्टला ते कळतं. म्हणून दोन पोर्ट वेगळे ठेवावेच लागतात.

आता काय करायचं. राउटरवर डीएनॅट काढून टाका. मँगल टेबलच्या (पॅकेटवर खुणा करायची जागा) प्रीराउटिंगमध्ये (वाट ठरण्याआधीचा टप्पा) नियम घाला: लॅनकडून आलेलं, टीसीपी, पोर्ट ८०, पाठवणारा .५ नसेल, आणि जाणारं आपल्याच आतल्या नेटवर्कला नसेल, तर त्यावर खूण १ लावा. मग 'आयपी रूल' ने सांगा, खूण १ असेल तर तक्ता १०० बघ. आणि तक्ता १०० मध्ये एकच ओळ: डिफॉल्ट वाट १९२.१६८.१०.५ मार्गे. ओपनडब्ल्यूआरटी २२.०३ किंवा पुढचं असेल तर फायरवॉल४ आहे, म्हणजे खाली एनएफटेबल्स. नियम त्या भाषेत लिहावा लागेल, कल्पना तीच.

पत्ता बदलायचं काम स्क्विडच्या मशीनवर करा. तिथे नॅट टेबलच्या प्रीराउटिंगमध्ये पोर्ट ८० चं ट्रॅफिक 'रिडायरेक्ट' ने ३१२९ वर. आयपी फॉरवर्डिंग चालू. आणि ३१२९ वर बाहेरून थेट येणारं कनेक्शन मँगलमध्येच टाकून द्या, नाहीतर कुणी सरळ त्या पोर्टला धडकलं की पुन्हा लूप.

निळी_शाई

+१ पॅकेटवेडा. राउटर सिस्कोचा असेल त्यांच्यासाठी भर घालतो: ॲक्सेस-लिस्टमध्ये आधी कॅशेच्या मशीनला डिनाय, मग बाकी सगळ्यांच्या पोर्ट ८० ला परमिट, रूट-मॅपमध्ये ती लिस्ट मॅच करून 'सेट आयपी नेक्स्ट-हॉप', आणि रूट-मॅप आतल्या बाजूच्या इंटरफेसला 'आयपी पॉलिसी' ने चिकटवायचा. बाहेरच्या इंटरफेसला लावून वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पॉलिसी लागू होते ती इंटरफेसवर आत येणाऱ्या पॅकेटला.

मायक्रोटिक असेल तर मँगलमध्ये 'मार्क राउटिंग'. पण तिथे फास्टट्रॅक चालू असतो, आणि फास्टट्रॅकला गेलेली पॅकेटं मँगल ओलांडून जातात. पहिलं पॅकेट वळतं, पुढची वळत नाहीत. पोर्ट ८० ला फास्टट्रॅकमधून वगळा. ओपनडब्ल्यूआरटीवर फ्लो ऑफलोडिंग चालू असेल तर चाचणी संपेपर्यंत तेही बंद ठेवा.

तिसरी_खिडकी

पॅकेटवेडा, मनापासून आभार. असं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. लूप गेला, लॉग स्वच्छ झाला. पण पान अजूनही उघडत नाही.

एका मशीनवरून कर्ल (कमांडने पान मागवणारं साधन) चालवलं. 'कनेक्टेड' असं दाखवतं आणि मग थिजून बसतं. ना चूक, ना उत्तर. स्क्विडच्या ॲक्सेस लॉगमध्ये मात्र त्या विनंतीची ओळच नाही. कनेक्ट झालं तर नेमकं कुणाला झालं?

पॅकेटवेडा

.५ वर टीसीपीडंप (ये-जा करणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा आणि पोर्ट ८० बघा. जे दिसेल ते इथे लिहा, अंदाजाने बोलायला नको.

तिसरी_खिडकी

हे दिसतं. मशीनकडून सिन आलं (कनेक्शनच्या हस्तांदोलनातलं पहिलं पॅकेट; त्यानंतर सिन-ॲक, मग ॲक). .५ ने सिन-ॲक पाठवलं, पाठवणारा म्हणून साइटचाच आयपी आहे. एका सेकंदाने तेच सिन-ॲक पुन्हा. मग दोन सेकंदांनी पुन्हा, मग चार सेकंदांनी. मशीनकडून ॲक कधीच आलं नाही.

मशीनवरही टीसीपीडंप लावलं. तिथे वेगळंच चित्र. सिन गेलं, सिन-ॲक आलं, ॲक गेलं, गेट विनंतीही गेली. म्हणजे मशीनच्या बाजूने सगळं गेलंय, .५ च्या बाजूला पोचलेलं नाही.

पॅकेटवेडा

सापडलं. मधे कोण आहे? राउटर. त्याच्या फायरवॉलमध्ये 'इनव्हॅलिड पॅकेट टाकून द्या' या चौकटीत टिक आहे का बघा. असणारच.

तुमचं मशीन आणि .५ एकाच स्विचवर आहेत. जाताना पॅकेट राउटरमार्गे .५ कडे जातं, पण .५ ला तुमचं मशीन शेजारीच दिसतं, म्हणून उत्तर राउटरला वळसा घालून थेट जातं. राउटरला सिन दिसलं, सिन-ॲक दिसलंच नाही, आणि मग अचानक ॲक दिसलं. कनेक्शन-ट्रॅकिंगच्या दृष्टीने हे अर्धवट संभाषण. ॲक इनव्हॅलिड ठरतं आणि गळतं. मशीनला मात्र हस्तांदोलन पूर्ण झाल्यासारखं वाटतं, म्हणून कर्ल 'कनेक्टेड' म्हणतं.

टिक काढली तर चालेल, पण तो उपाय मला पटत नाही. एका कामासाठी सगळ्या नेटवर्कचं दार सैल करायचं कशाला? .५ ला वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र नेटवर्कवर) न्या, राउटरवर त्याला स्वतंत्र इंटरफेस द्या. मग जाणं-येणं दोन्ही राउटरमधूनच होईल.

एक आडाखा आधीच सांगून ठेवतो. तसं केल्यावर .५ कडून राउटरला अशी पॅकेटं येतील ज्यांच्यावर पाठवणारा म्हणून बाहेरच्या साइटचा आयपी असेल. रिव्हर्स पाथ फिल्टर कडक असेल तर राउटर म्हणेल, 'हा पत्ता तर बाहेरच्या दारी राहतो, या दारातून कसा आला?' आणि टाकून देईल. त्या इंटरफेसवर फिल्टर सैल करा, म्हणजे किंमत २. आणि लिनक्समध्ये 'ऑल' ची किंमत आणि त्या इंटरफेसची किंमत यातली मोठी लागू होते. तुम्ही इंटरफेसवर ० करून 'ऑल' ला १ ठेवलंत तर १ च चालतो. यात मी स्वतः पूर्ण दिवस घालवला आहे.

तिसरी_खिडकी

चाललं!!

.५ आता १९२.१६८.२०.५ झालाय, वेगळ्या व्हीलॅनवर. डीएचसीपी, नियम, तक्ता १०० सगळं बदललं. पहिल्यांदा पुन्हा थिजलं, रिव्हर्स पाथ फिल्टर बघितला, बरोबर 'ऑल' १ होता. तो बदलला आणि ॲक्सेस लॉगमध्ये ओळी पळायला लागल्या. प्रत्येक ओळीत मशीनचा खरा आयपी. इतका आनंद झाला की शेजारच्या खोलीतल्या सरांना बोलावून दाखवलं.

जुनी_तार

अभिनंदन. उशिरा आलो, पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

पॅकेटवेड्याने दिलेली पद्धत योग्य आहे, फक्त तिच्यात एक खाच आहे. कॅशेचं मशीन बंद पडलं की राउटरला त्याचा पत्ता नसतो. तो बिचारा पॅकेटं ढकलत राहतो आणि सगळ्यांचं पोर्ट ८० मरतं. याच दुखण्यावर सिस्कोने नव्वदच्या दशकात डब्ल्यूसीसीपी काढलं. त्यात कॅशे स्वतः राउटरकडे हजेरी लावतो. दर दहा सेकंदांनी यूडीपी पोर्ट २०४८ वर 'हिअर आय ॲम', आणि राउटरचं उत्तर 'आय सी यू'. हजेरी तीसेक सेकंद चुकली की राउटर त्याला यादीतून काढतो आणि ट्रॅफिक जसं जायचं तसं सरळ बाहेर सोडतो. वापरणाऱ्याला कळतही नाही. आवृत्ती २ मध्ये एका गटात ३२ राउटर आणि ३२ कॅशे बसतात, आणि पत्त्यांच्या हॅशवरून २५६ कप्पे पाडून ते कॅशेंमध्ये वाटले जातात. एक कॅशे गेला की त्याचे कप्पे बाकीच्यांना.

ज्यांच्याकडे असा राउटर आहे त्यांच्यासाठी दोन खड्डे सांगतो, कारण दोन्हींत मी पडलोय.

पहिला. पॅकेट कॅशेपर्यंत जीआरईच्या बोगद्यातून (दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून) येतं. लिनक्सवर बोगदा उभा करताना पलीकडचा पत्ता म्हणून आपण सवयीने राउटरचा जवळचा आयपी लिहितो. चूक. राउटर पाठवतो त्याच्या राउटर-आयडीवरून, आणि तो बहुधा लूपबॅकचा किंवा सगळ्यात मोठा आयपी असतो. 'शो आयपी डब्ल्यूसीसीपी' मध्ये राउटर आयडेंटिफायर बघा, तोच बोगद्यात लिहा. माझ्याकडे हजेरी दोन्ही बाजूंनी व्यवस्थित लागत होती, राउटरवर वळवलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत होता, आणि कॅशेवर एकही विनंती नव्हती. टीसीपीडंपमध्ये जीआरईचं पॅकेट ज्या पत्त्यावरून येताना दिसलं तो मी कुठेच लिहिलेला नव्हता.

दुसरा. बाहेरचा आयपी हेडर २० बाइट, जीआरई ४, डब्ल्यूसीसीपीचं स्वतःचं हेडर ४, मिळून २८. पूर्ण १५०० बाइटचं पॅकेट बोगद्यात मावत नाही. बोगद्यातून फक्त जाणारी बाजू जाते, म्हणून साधी पानं झकास उघडतात आणि कुणी फॉर्मसोबत फाइल चढवली की अडकतं. तक्रार आली की माणूस साइटला दोष देत बसतो. राउटर आणि कॅशे एकाच सेगमेंटवर असतील आणि राउटरला जमत असेल तर बोगद्याऐवजी एल२ पद्धत (पॅकेट न गुंडाळता फक्त हार्डवेअर पत्ता बदलणारी) घ्या, हा प्रश्नच राहत नाही.

ओपनडब्ल्यूआरटीवर हे नाही. तिथे खिडकीसाहेबांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहावी: दर दहा सेकंदांनी ३१२८ ला एक विनंती करून बघायची, तीनदा उत्तर नाही आलं की 'आयपी रूल' ची ओळ काढायची, आलं की परत घालायची. नुसतं पिंग करू नका. मशीन जिवंत आणि स्क्विड मेलेलं, अशी वेळ येतेच.

तिसरी_खिडकी

जुनी_तार, स्क्रिप्ट आज रात्रीच लिहितो.

पण एक नवं दुःख. ट्रॅफिक स्क्विडमधून जातंय, लॉग भरतोय, आणि प्रत्येक ओळ 'टीसीपी मिस' (साठ्यात नव्हतं, बाहेरून आणलं). तेच पॅकेज एका मशीनने घेतलं, लगेच दुसऱ्याने घेतलं, तरी मिस. कॅशे काही साठवतच नाहीये.

निळी_शाई

तीन गोष्टी तपासा.

डिस्कवर कॅशे डिरेक्टरी नेमली आहे का? स्क्विडच्या मूळ सेटिंगमध्ये ती नसते, फक्त २५६ एमबी मेमरी असते, आणि मेमरीत ५१२ केबीहून मोठी वस्तू ठेवली जात नाही.

वस्तूची कमाल मर्यादा मुळात ४ एमबी आहे. कर्नलचं पॅकेज त्यात कसं बसेल? ती वाढवा, आणि ती ओळ कॅशे डिरेक्टरीच्या ओळीच्या वर लिहा. खाली लिहिली तर त्या डिरेक्टरीला ती लागू होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. कॅशे लॉगमध्ये 'होस्ट हेडर फोर्जरी' अशी सूचना येतेय का?

तिसरी_खिडकी

पहिल्या दोन्ही बरोबर, डिस्क नेमलेलीच नव्हती. केलं. आणि हो, ती फोर्जरीची सूचना शेकड्याने आहे. मला वाटलं कुणी मुलगा काही उद्योग करतोय.

निळी_शाई

मुलांना काही बोलू नका, ती निर्दोष आहेत.

अडवलेल्या विनंतीत स्क्विड दोन गोष्टी ताडून बघतं: होस्ट हेडरमधलं नाव, आणि पॅकेट निघालं होतं तो आयपी. नाव स्वतः डीएनएसला (नावावरून आयपी सांगणारी सेवा) विचारतं. मिळालेल्या आयपींत पॅकेटचा आयपी नसेल तर त्याला संशय येतो. विनंती तो पुढे जाऊ देतो, पण उत्तर साठवत नाही. खोट्या नावाखाली कुणी भलतीच फाइल कॅशेत घुसवू नये म्हणून ही काळजी, आणि ती हवीच.

आता पॅकेजांच्या सर्व्हरला एका नावामागे अनेक आयपी असतात. तुमची मशीनं एका डीएनएसला विचारतात, स्क्विड दुसऱ्याला. दोघांना वेगळी उत्तरं मिळतात. स्क्विड आणि सगळी मशीनं एकाच रिझॉल्व्हरला विचारतील असं करा, राउटरवरचा डीएनएसमास्क पुरेल.

शिवाय एक: पॅकेजांच्या फाइली खूप दिवस ताज्या मानायला हरकत नाही, नावातच आवृत्ती असते. पण 'रिलीज' आणि 'पॅकेजेस' या याद्या दर वेळी मूळ सर्व्हरला विचारूनच द्यायच्या. त्या शिळ्या झाल्या की ॲप्ट 'हॅश सम मिसमॅच' म्हणून ओरडतं. रिफ्रेश पॅटर्नमध्ये दोन्हींना वेगळा नियम लिहा.

मुंगळा

सगळं छान चाललंय, पण एक प्रश्न कुणीच काढला नाही म्हणून काढतो. आज पोर्ट ८० वर उरलंय काय? बहुतेक सगळ्या साइट ४४३ वर (कूटबद्ध एचटीटीपीएस) आहेत, आणि एचटीटीपी ३ तर यूडीपीवरून जातं. उद्या धागाकर्ते ४४३ सुद्धा वळवायला निघतील, त्याआधी सांगतो: कृपया नको.

पॅकेटवेडा

मुंगळा, पूर्ण सहमत. ४४३ उघडून बघायचं तर प्रत्येक मशीनवर स्वतःचं प्रमाणपत्र बसवावं लागतं आणि प्रत्येकाचं गुप्त संभाषण मधे फोडावं लागतं. काही बाइट वाचवायला लोकांच्या बँकेचं आणि पत्रव्यवहाराचं कुलूप काढायचं, हे माझ्या हातून होणार नाही.

पण धागाकर्त्यांच्या कामाला पोर्ट ८० पुरेसा आहे. उबंटूच्या आर्काइव्हचे पत्ते मुळात एचटीटीपीवरच असतात, आणि सुरक्षा पॅकेजांच्या यादीवरच्या सहीतून येते. मधे कॅशे असला तरी बदललेलं पॅकेज ॲप्ट नाकारतं. म्हणजे हा अजूनही असा एक कोपरा आहे जिथे जुना वेब कॅशे प्रामाणिकपणे उपयोगी पडतो. मी तर पोर्ट ८० सरसकट न वळवता फक्त पॅकेज सर्व्हरच्या आयपींचा संच करून तेवढंच वळवीन. डीएनएसमास्कला नावं दिली की तो संच आपोआप भरत राहतो.

आणि वापरणाऱ्यांना सांगा. भिंतीवर कागद लावा, की पोर्ट ८० वरच्या विनंत्या मधल्या एका मशीनमधून जातात आणि त्यांची नोंद होते. याला 'ट्रान्सपरंट' म्हणायची पद्धत पडली आहे, पण मला 'इंटरसेप्शन' हाच शब्द बरोबर वाटतो. २००१ च्या आरएफसी ३०४० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातही तोच वापरला आहे. अडवतोय तर अडवतोय म्हणावं.

तिसरी_खिडकी

४४३ ला हात लावणार नाही, शब्द देतो. कागद उद्या लावतो.

डीएनएस एक केला, फोर्जरीच्या सूचना थांबल्या. पॅकेज सर्व्हरचा संच करून तेवढंच वळवलं. दोन-तीन मशीनं तरीही लॉगमध्ये दिसत नव्हती. शोधलं तर ती आयपीव्ही६ वरून बाहेर जात होती, आणि माझे सगळे नियम आयपीव्ही४ चे. तूर्त त्या मशीनांवर ॲप्टला आयपीव्ही४ ची सक्ती केली आहे, व्ही६ चे नियम सवडीने लिहीन.

आज अपडेटचा दिवस होता. पहिल्या मशीनच्या सगळ्या ओळी मिस. दुसऱ्यापासून 'टीसीपी हिट', एकाखाली एक, स्क्रीन भरून. याद्यांच्या ओळीत 'रिफ्रेश अनमॉडिफाइड', म्हणजे निळी_शाई यांनी सांगितलं तसंच. लाइनचा आलेख पहिल्या मशीनपुरता वर गेला आणि खाली आला, तो परत चढला नाही.

मग मुद्दाम, सगळं चालू असताना, स्क्विड बंद केलं. अर्धं मिनिट एका मशीनचं अपडेट अडकलं, ॲप्टने एक चूक दाखवली. स्क्रिप्टने 'आयपी रूल' काढला, पुन्हा अपडेट चालवलं आणि ते सरळ बाहेरून आलं. स्क्विड चालू केलं, रूल परत आला.

जुनी_तार

अर्धं मिनिट ठीक आहे. फक्त राउटर रीस्टार्ट करून बघा. 'आयपी रूल' आणि तक्ता १०० हाताने घातले असतील तर ते उडतील, नेटवर्कच्या कॉन्फिगमध्ये लिहून ठेवा.

तिसरी_खिडकी

केला रीस्टार्ट. उडाले होते. आता लिहून ठेवलेत.